वच्छलामावशीची सही

त्या वर्षी आमच्या घरी खटला आधी स्वयंपाकघरात चालायचा आणि मग कोर्टात. सकाळी आई ओट्याशी भाकरी थापत असायची. बाबा बनियन-पायजम्यावर, खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे राहायचे आणि आईलाच नर्सिंग होमची सिस्टर करून तिची उलटतपासणी घ्यायचे. "तर सिस्टर, औषधाच्या कपाटाची चाबी कोणाकडे असते?" आई तव्यावरची भाकर उलटत म्हणायची, "माह्याकडे नाही जी. या घरात कोणती चाबी माह्याकडे आहे?" "सिस्टर, विचारलं तेवढंच सांगा." "तेवढंच सांगून राहिली. अन् भाकर जळाली तर साहेबाले सांगीन, वकिलानं जाळली म्हणून." मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर सांभाराची जुडी निवडत बसलेली वच्छलामावशी तोंडाला पदर लावून हसायची. ज्या खटल्यात तिला शिक्षा होऊ शकत होती त्याचीच ही तालीम होती. पण त्या दिवसांत आमच्या घरात कोणी हसलेलं मला आठवतं ते एवढ्याच वेळी.

आमचं घर रायपूरच्या तात्यापाऱ्यात, जुन्या मराठी वस्तीत होतं, दोन खोल्या पुढे, दोन मागे आणि मधे न्हाणी. गल्लीच्या तोंडाशी आटाचक्की होती. ती दिवसभर एका सुरात चालायची आणि थांबली की लाइट गेली हे आम्हाला कळायचं. त्या सुरावर बाबांच्या टाइपरायटरची टकटक चाले. आधी ती नोटिसांची आणि जबाबांची असायची, पुढे नुसत्या शपथपत्रांची झाली. कोणाला नाव बदलायचं असे, कोणाचं राशनकार्ड हरवलेलं असे. कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली टेबल टाकून बाबा असले कागद करून देत. खटल्यात उभं राहण्यासाठी त्यांच्याकडे कोणी येत नव्हतं, आणि त्याला कारण बाबाच होते. रेल्वेतल्या एका माणसाचा खटला त्यांच्याकडे होता. मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी ज्या तारखेच्या पेशीला होती त्या दिवशी बाबा नागपूरला मावसभावाच्या लग्नात पंगतीला बसले होते. पुढची तारीख मिळेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. तारीख मिळाली नाही, साक्ष होती तशी राहिली आणि त्या माणसाला सात वर्षांची शिक्षा झाली. त्याची बायको मग दर सोमवारी आमच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. बोलायची नाही, आत यायची नाही, पाणी दिलं तर घ्यायची नाही. बाबा मागच्या दारानं सायकल काढायचे. सहा-सात महिन्यांनी ती यायची बंद झाली, पण बाबा त्यानंतरही मागच्याच दारानं जात राहिले.

वच्छलामावशी आमची नात्यानं कोणी नव्हती. आईच्या माहेरच्या गावची, आर्वीकडची, नवऱ्यानं टाकलेली. आईनंच तिला रायपूरला आणलं, एका खासगी नर्सिंग होममध्ये आया म्हणून लावलं आणि आमची मागची खोली राहायला दिली. तिला सिनेमातली हिंदी कळायची, माणसांची कळायची नाही. सिस्टर काय म्हणते ते ती शब्दांपेक्षा तिच्या हाताकडे बघून ओळखायची. आली तेव्हा ती अंगठा लावत होती. आईनं बाबांच्या खराब झालेल्या कागदांच्या पाठीवर तिला तिचं नाव लिहायला शिकवलं. पावसाळाभर ती दुपारची जमिनीवर पालथी पडून 'वच्छला, वच्छला' गिरवत असायची, आणि ज्या दिवशी ते न अडखळता आलं त्या दिवशी तिनं पाटवडीचा रस्सा केला. आम्हा सगळ्यांना वाढून झाल्यावर कागद पुढे केला, "पाय नंदू, माही सही." पुढे ती दिसेल त्या कागदावर सही करायची. चक्कीवाल्याच्या चिठ्ठीवर, लोणच्याच्या बरणीला चिकटवलेल्या पट्टीवर, माझ्या कायद्याच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावरसुद्धा. 'ला'चा काना ती खाली खूप लांब ओढायची. सही म्हटली की तिचा चेहरा उजळायचा.

त्याच सहीनं तिला गोत्यात आणलं. नर्सिंग होममध्ये साखरेचा आजार असलेले एक म्हातारे गृहस्थ भरती होते. सिस्टरनं कपाटातून सलाइनची चुकीची बाटली काढून दिली, वच्छलामावशीनं ती दांडीला अडकवली, सिस्टरनं नळी जोडली, आणि संध्याकाळपर्यंत ते गृहस्थ गेले. दुसऱ्या दिवशी तिथल्या मॅनेजरनं मावशीला ऑफिसात बोलावून खुर्चीवर बसवलं आणि तिच्यासमोर हिंदीत लिहिलेला कागद ठेवला. तिला तोपर्यंत कोणी खुर्चीवर बसवलं नव्हतं. 'सिस्टरला न विचारता मीच बाटली बदलली,' असं त्या कागदात होतं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं सुंदर, लांब काना ओढून सही केली. घरी येऊन आईला सांगितलंही की आज ऑफिसात माझी सही घेतली. आठवड्याभरानं पोलीस आले. जामिनावर सुटून ती परत आमच्याच मागच्या खोलीत राहू लागली.

बाबांनी तो खटला मागून घेतला. आईनं त्यांना तो घ्यायला सांगितलं नव्हतं, उलट ती म्हणाली होती, "दुसरा वकील पाहा, हिच्या जन्माचा सवाल आहे." बाबा म्हणाले, "मले एकदा नीट उभं राहू दे." मी तेव्हा वीस वर्षांचा, लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. बाबांना मी इतकं काम करताना कधी पाहिलं नव्हतं. ते नर्सिंग होमच्या जुन्या आयांना शोधून भेटून आले. ड्युटीच्या रजिस्टराची नक्कल त्यांनी मिळवली. लग्नासाठी नाही की बारशासाठी नाही, एकाही पेशीला ते गैरहजर राहिले नाहीत. ताप अंगात असताना कोट घालून गेले. आणि सिस्टरची उलटतपासणी त्यांनी अशी घेतली की बार रूममधले दोघं-तिघं ऐकायला आले. "चाबी मेरे पास रहती थी," हे शेवटी सिस्टरला म्हणावंच लागलं. त्या दिवशी बाबा गोल बाजारातून आईसाठी स्टीलचा डबा घेऊन पुढच्या दारानं घरात आले. सायकल फाटकाला लावताना त्यांनी घंटी वाजवली. ती घंटी मला अजून ऐकू येते.

आता माझ्याबद्दल लिहिलं पाहिजे. आमच्या घरात आई-बाबा मराठीत बोलत आणि मी हिंदीत उत्तर देत असे. पाऱ्यातली बहुतेक मराठी मुलं तेच करायची, त्यात विशेष काही नव्हतं. पण माझं प्रकरण थोडं निराळं होतं. कॉलेजच्या पहिल्या महिन्यात एकदा आई डबा द्यायला तिथल्या फाटकापर्यंत आली आणि तिनं भर रस्त्यात हाक मारली, "काहून रे नंदू, डबा विसरला का?" 'काहून' म्हणजे आमच्याकडचं 'का', आणि तेव्हापासून वर्गात तेच माझं नाव पडलं. "अबे काहून, नोट्स दे." "काहून साहब पधार रहे हैं!" पंकज नावाचा एक मुलगा आईचा हेल इतका हुबेहूब काढायचा की मीही हसायचो. हसण्यावाचून इलाज नव्हता. घरी आल्यावर मात्र आईनं काही विचारलं तर मी आणखीच घट्ट हिंदीत उत्तर द्यायचो. आईला कारण कधी कळलं नाही. "आमचा पोट्टा बिलासपूरच्या कलेक्टरासारखा बोलून राहिला," एवढंच ती मावशीला म्हणायची आणि दोघी हसायच्या.

साक्षी संपल्या, आरोपीचं म्हणणं नोंदवायची पेशी आली. पुराव्यातली एकेक गोष्ट न्यायाधीश आरोपीला विचारतात आणि तो 'सही है', 'गलत है' किंवा 'मुझे नहीं मालूम' यांपैकी काही म्हणतो. हिंदी कोर्टात हे दहा मिनिटांत उरकतं. बाबांनी आदल्या दिवसापासून मला बजावलं होतं, "तू कठघऱ्यापाशी उभा राह्यजो. एकेक सवाल तिले आपल्या भाषेत सांगजो, ती काय म्हणते ते साहेबाले हिंदीत सांगजो. घाई करू नको. साहेब चिडले तरी चालते." सकाळी मावशीनं झुणका केला, स्वतः जेवली आणि मलाही आग्रहानं वाढलं. "साहेबासमोर उपाशी पोटी उभं राह्यलं तर मानूस खोटारडा दिसते," ती म्हणाली. नवं लुगडं नेसली होती. वाटेत रिक्षात तिनं मला विचारलं, "तू बाजूलेच राहशीन नं रे?" मी म्हणालो, "हाँ मौसी."

कोर्टाच्या खोलीत शिरलो आणि मागच्या बाकांवर आमचा अर्धा वर्ग बसलेला दिसला. कॉलेजनं कामकाज दाखवायला आणलं होतं, मी सुट्टी घेतल्यामुळे मला माहीत नव्हतं. पंकजनं भुवया उडवल्या. ओठांनीच म्हणाला, "काहून?" शेजारची दोघं फिसकन हसली. इतक्यात आमचा पुकारा झाला. मावशी कठघऱ्यात गेली, मी लाकडी कठड्याला हात लावून उभा राहिलो. बाबा म्हणाले, "सर, ये मेरा लड़का है, लॉ पढ़ रहा है। अभियुक्ता मराठी बोलती है, ये समझा देगा।" न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांच्यापुढे त्या दिवशी चाळीस फाइली तरी असतील. "रायपुर में रहती है, हिंदी नहीं समझती क्या?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला, बाबांना नाही. मी 'नहीं समझती, सर' म्हणालो असतो तर मला त्या सगळ्यांसमोर, तोंड वर करून, आईच्या भाषेत बोलावं लागलं असतं. दहा-बारा प्रश्न, मले-तुले करत. मी म्हणालो, "समझती हैं, सर।"

बाबा तेव्हा पुढे टेबलाशी वाकून रजिस्टराची नक्कल शोधत होते. त्यांनी झटकन मान वळवली, पण प्रश्न सुरू झाले होते आणि मी बाजूला आहे म्हणून ते परत कागदांत वाकले. पहिले तीन-चार तसे सोपे होते, मावशी कधी 'हव' म्हणाली, कधी 'नाही जी' म्हणाली. मग कोर्टाच्या बाबूनं मॅनेजरचा तो कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. त्याचं बोट नेमकं खाली, सहीपाशी होतं. न्यायाधीश म्हणाले, "तुमने यह लिखकर दिया था कि बोतल बिना पूछे तुमने बदली। सही है?" मावशीनं कागदाकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला. मी तो उजळताना पाहिला. त्या परक्या खोलीत, परक्या माणसांत तिला ओळखीची अशी एकच गोष्ट दिसली होती आणि साहेब तिच्याबद्दलच विचारत होते. "हव जी," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "सही माहीच आहे." न्यायाधीशांनी बाबूला मजकूर सांगितला, "उत्तर, सही है।" टाइपरायटर वाजला. पुढचा प्रश्न.

मला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं, पुढे कधीतरी विचार करताना उमजलं असं नाही. रायपूरच्या कुठल्याही मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. एक पाऊल पुढे टाकून "सर, इनका मतलब दस्तखत से है" एवढं हिंदीत म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग साहेब म्हणाले असते, तू तर म्हणालास हिंदी समजते, आणि मागचे बाक हसले असते. मी गप्प राहिलो. दहा मिनिटांत सगळं संपलं. टाइप केलेल्या पानांवर मावशीनं सह्या केल्या. बाबांनी ती पानं वाचली नाहीत, कारण मी तिथं होतो.

निकाल पोळ्याच्या आधी लागला. चाबीचा मुद्दा न्यायाधीशांनी मान्य केला होता. पण 'अभियुक्ता ने अपने कथन में स्वयं स्वीकार किया है' असं एक वाक्य त्यात होतं आणि त्या एका वाक्यावर सगळं गेलं. दीड वर्ष. मावशीला काय झालं हे लगेच कळलं नाही. शिपाईबाई दंडाला धरून नेऊ लागली तेव्हा ती आईला म्हणाली, "गॅसवर दूध ठेवून आली का वो तुम्ही?" बाबांनी बाहेरच्या व्हरांड्यात मला भिंतीशी घेतलं. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. "नंदू, तू बाजूले होता. काय म्हणाली ती?" मी म्हणालो, "वही बोलीं बाबा। सही है बोलीं।" शब्दाला शब्द लावला तर ते खोटं नव्हतं. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "मंग ती माह्याशी खोटं बोलली. बाटली तिनंच बदलली होती."

वकिलाचा आपल्या अशिलावरचा विश्वास गेला की तो काय करतो ते मी तेव्हा पाहिलं. अपील होईपर्यंत मावशीला जामिनावर सोडवता आलं असतं, पण आधीच्या जामीनदारानं अंग काढून घेतलं आणि दुसरा शोधायला बाबा उठलेच नाहीत. अपिलाचे कागद त्यांनी मुदतीत घातले तेवढे, मग परत कडुलिंबाखाली जाऊन बसले. स्वयंपाकघरातली तालीम बंद झाली. आई एकदा भाकरी थापता थापता आपणच म्हणाली, "चाबी माह्याकडे नाही जी," आणि मग पिठाच्या हातानं डोळे पुसत राहिली. मागच्या खोलीला आईनं कुलूप लावलं नाही. रोज ती झाडून घ्यायची. मी कॉलेजात जात होतो, पुराव्याचा कायदा शिकत होतो, परीक्षेत मला त्याच विषयात सगळ्यात जास्त गुण पडले.

आई दर पंधरवड्याला जेलमध्ये मुलाकातीला जायची. मी टाळत होतो. संक्रांत जवळ आली तेव्हा तिनं ऐकलंच नाही, तिळाची वडी घेऊन मला बरोबर नेलं. जाळीच्या पलीकडे मावशी आली. केस कापलेले होते, उवा झाल्या म्हणून. वजन अर्ध्यावर आलं असावं. आईशी ती गावाकडचं, गल्लीतलं बोलली, चक्कीवाल्याची पोट्टी बाळंत झाली का ते विचारलं. मग जाळीला तोंड लावून मला म्हणाली, "नंदू, तू वकील होऊन राह्यला नं? मंग मले येक सांग. मी काय चुकली? साहेबानं पुसलं सही तुही का, मी म्हनलं माही. दुसऱ्याची कशी म्हनू? खरं बोलल्याची बी शिक्षा असते का?" आईनं माझ्याकडे पाहिलं. आईला हिंदीही येत होती आणि मराठीही, आणि तिला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. तिच्या हातातली वडीची पुडी खाली पडली. ती एवढंच म्हणाली, "नंदू, तुले मालूम होतं?"

घरापर्यंत आई माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. दुपार होती, बाबा टाइपरायटरवर होते. आईनं त्यांना काही सांगितलं नाही, फक्त माझ्याकडे बोट केलं आणि स्वयंपाकघरात गेली. मी उभ्यानंच सांगितलं. साहेबांच्या पहिल्या प्रश्नाचं, कागदाचं, मी गप्प राहिलो त्याचं. वर्गातल्या मुलांचंही. बाबांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मला वाटलं होतं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले, न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आले, मशीनमधला अर्धवट कागद काढून कोरा कागद चढवला आणि टाइप करू लागले. मी म्हणालो, "बाबा, मेरा शपथपत्र बना दीजिए।" बाबा न बघता म्हणाले, "तुले अजून सनद घ्यायची आहे. न्यायालयासमोर खोटं बोलला म्हणून तुहं नाव आजच लागलं तर संपलं." मग कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. शपथपत्र त्यांचं स्वतःचं होतं. त्यात होतं, आपल्या अशिलाला हिंदी समजत नाही हे ठाऊक असूनही त्यांनी तिला दुभाषा मिळवून दिला नव्हता. तिचं उत्तर चुकीचं नोंदवलं जात असताना त्यांना टेबलाशी उभ्या उभ्या डुलकी लागली होती. नोंद वाचायचाही त्यांनी कंटाळा केला होता. माझं नाव त्यात कुठेही नव्हतं.

मी 'नको' म्हणायला हवं होतं. आज माझी मुलगी त्या वयाची आहे, ती म्हणाली असती. मी म्हणालो नाही. कागद वाचला, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली, बाबांनी ती सुधारली.

अपिलाच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसलो होतो. बाबांनी ते शपथपत्र स्वतः वाचून दाखवलं, आवाज न चढवता, न उतरवता. वाचून झाल्यावर सत्र न्यायाधीशांनी कागद मागून घेऊन चाळला. मग म्हणाले, "वकील साहब, आप सचमुच सो गए थे? खड़े-खड़े?" खोलीत हशा पिकला. बाबा म्हणाले, "जी सर। सो गया था।" न्यायाधीशांनी बाबांना बरंच सुनावलं, ते मी इथं लिहीत नाही. पण मावशीला त्यांनी स्वतः, ऑफिसातल्या एका मराठी बाबूला मधे घेऊन, तोच प्रश्न परत विचारला आणि तिचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. आठ दिवसांनी ती सुटली. शिक्षा रद्द झाली, आणि चाबीचा मुद्दा ज्याचा होता त्या वकिलाचं नाव रायपूरच्या कोर्टात 'सोता वकील' असं पडलं ते कायमचं. आता शपथपत्रं करून घ्यायलाही लोक दुसऱ्या टेबलाकडे जाऊ लागले. पुढे मला सनद मिळाली, काम मिळालं, बऱ्यापैकी नाव झालं. बार रूममध्ये चहा पिताना कोणीतरी नव्या पोरांना उभ्या उभ्या झोपलेल्या वकिलाची गोष्ट सांगायला लागतो. ते माझे वडील, हे तिथल्या बहुतेकांना माहीत नाही. गोष्ट संपेपर्यंत मी कप खाली ठेवत नाही, एवढंच करतो. बाबा गेले तेव्हाही ते मला काही बोलले नव्हते. मी सांगितलं ते सगळं एवढंच, असं समजून ते गेले.

ते सगळं एवढंच नव्हतं. कोर्टातली हकिकत वर लिहिताना मी एक गोष्ट गाळली आहे. बाबांना सांगतानाही गाळली होती, आईलाही.

सुटून आल्यावर मावशी चार दिवस आमच्याकडे राहिली, मग गावी जायची होती. निघायच्या दिवशी सकाळी ती मागच्या खोलीत ट्रंक भरत होती. मी तिला स्टेशनवर सोडायला जाणार होतो, म्हणून दारात उभा होतो. आई शेजारी गेली होती. ट्रंकेचं झाकण लावून मावशी त्यावर बसली आणि म्हणाली, "नंदू, वकील साहेब झोपले नव्हते." तिनं ट्रंकेला कुलूप अडकवलं. "ते कागद धुंडून राह्यले होते. मले दिसत होतं. अन् मी सही माही म्हनली, मंग तुह्याकडे पाह्यलं. बराबर बोलली का म्हनून. तू मान हलवली."

हो. मी मान हलवली होती. तिनं विचारत्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं आणि मी 'बरोबर' अशी मान हलवली होती, म्हणजे ती पुढे बघेल, म्हणजे ते लवकर संपेल.

"जेलात मी हेच सोचून राह्यली," ती म्हणाली, "का नंदूनं मान हलवली म्हंजे मी चुकली नसन. म्हनून मले समजेच ना." ती रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. "वकील साहेबाले मी हे नाही सांगतलं. सांगनार बी नाही. पन मले सांग. काहून हलवली?"

चक्की चालू होती. मी तिच्या पायांकडे बघत होतो. किती वर्षांनी कोण जाणे, माझ्या तोंडून मराठी निघाली. मी म्हणालो, "मागं माह्या वर्गातले पोट्टे बसले होते, मावशी. पाहून राहिले होते."

तिनं कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. ती मनापासून आठवत होती, मला दिसत होतं. कोर्टातली ती खोली तिनं पाच महिने डोळ्यांसमोर धरली होती. त्यात साहेब होते, कागद होता, बाबा होते, मी होतो.

"कोनते पोट्टे?" तिनं विचारलं.